'प्रतिगमन' की 'समाश्रयण'? आणि कशाचं कशावर?

प्रश्न असा आहे: 'प्रतिगमन' म्हणजे मागे जाणं, मग रिग्रेशनमध्ये (एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेषा काढण्याची संख्याशास्त्रातली पद्धत) मागे नेमकं जातं काय? आणि काही पुस्तकांत 'समाश्रयण' दिसतं, ते जास्त बरोबर का?

पद्धत म्हणून पाहिलं तर मागे काहीच जात नाही. एका जुन्या वापरावरून पडलेलं नाव पुढे सगळ्या पद्धतीला चिकटलं, इतकंच.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचा तक्ता मांडला. (बायकांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या मापात आणलेली.) आईवडिलांची मिळून सरासरी उंची सर्वसाधारण उंचीहून १ इंच जास्त असेल, तर अपत्यं सरासरीने दोन तृतीयांश इंचच जास्त भरत होती. या परतण्याला त्यांनी रिग्रेशन म्हटलं. लघुतम वर्गांची रीत (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी रेषा काढणं) याहून बरीच जुनी, फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्येच छापलेली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १८९७ मध्ये दोन्हींची सांगड घातली आणि नाव गॉल्टन यांचं टिकलं.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. उलट बाजूने, म्हणजे अपत्यांच्या उंचीवरून आईवडिलांच्या उंचीचा अंदाज बांधला, तर उतार (एक इंच वाढीमागे अंदाज किती वाढतो तो आकडा) एक तृतीयांश येतो. दोन तृतीयांश उलटा करून दीड येत नाही! रेषा दोन आहेत, आणि कोणती काढली हे मराठीत विभक्तीवरून कळायला हवं.

'उंची आणि वजन यांचा सहसंबंध' (दोन मापं किती एकत्र बदलतात ते सांगणारा उणे १ ते १ मधला आकडा) हे ठीक, कारण तिथे अदलाबदल केली तरी आकडा तोच राहतो. पण 'उंची आणि वजन यांचं समाश्रयण' या वाक्याला अर्थच नाही. 'वजनाचं उंचीवर समाश्रयण' असंच म्हणायला हवं: ज्याचा अंदाज करायचा त्याला षष्ठी, ज्यावरून करायचा त्याला 'वर'. एक्सेलच्या उतार काढणाऱ्या 'स्लोप' सूत्रात आधी य ची (ज्याचा अंदाज करायचा त्याची) रांग द्यायची, मग क्ष ची (ज्यावरून करायचा त्याची). उलटी दिली तर चूक झाल्याची सूचना येत नाही, वेगळा आकडा मुकाट्याने येतो. दोन्हींचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) सारखं असेल तर आकडाही तोच येतो आणि चूक लपून राहते.

उदाहरण घेऊ. दोन चाचण्या, दोन्हींची सरासरी ६०, प्रमाण विचलन १०, सहसंबंध ०.५. पहिलीत ८० मिळवणाऱ्यांचा दुसरीतला अंदाज ६० + ०.५ × २० = ७०. आता दुसरीत ८० मिळवणाऱ्यांना पहिलीत किती असतील? तीच रेषा उलटी फिरवली तर उत्तर १०० येतं, आणि ते चूक. दुसरी रेषा काढली की पुन्हा ७०.

इथेच 'प्रतिगमन' हा शब्द फसवतो. सगळे हळूहळू सरासरीत विरघळतात असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं असतं तर दुसऱ्या चाचणीचा पसारा आकसला असता. तो १०च आहे. आकसतात ते अंदाज (त्यांचं प्रमाण विचलन ५), उरलेला फरक अवशेषांत, म्हणजे प्रत्यक्ष गुण आणि अंदाज यांच्यातल्या तफावतीत, जातो (तिचं प्रमाण विचलन सुमारे ८.६६), आणि ५ चा वर्ग अधिक ८.६६ चा वर्ग म्हणजे पुन्हा १००, १० चा वर्ग, भरतो.

याच आकड्यांत पहिलीत ४० मिळालेल्यांना जादा तास दिले आणि दुसरीत त्यांची सरासरी ५० आली, तर १० गुणांचं श्रेय तासांना देता येत नाही. काहीही न करता तेवढे वाढणारच होते. तितकेच गुण असलेला पण तास न दिलेला गट शेजारी नसेल, तर तासांबद्दल काहीच बोलता येणार नाही.

म्हणून माझं मत: पद्धतीला 'समाश्रयण' म्हणावं. त्यात 'आश्रय' आहे, कशाचा तरी आधार घेऊन अंदाज बांधणं हा भाव आहे आणि 'कशावर?' हा प्रश्न आपोआप येतो. 'प्रतिगमन' सरासरीकडे परतण्याच्या घटनेसाठी राखून ठेवावं. सहसंबंध अगदी १ किंवा उणे १ असेल तरच ती घडत नाही.

'अवलंबून' या शब्दाला मात्र जपा. 'वजन उंचीवर अवलंबून आहे' म्हटलं की मराठी कानाला कारण ऐकू येतं. समाश्रयण एकट्याने तेवढं सिद्ध करत नाही. ज्यावरून अंदाज बांधतात त्या मापाला 'स्वतंत्र चल' म्हणतात, तेही तसंच गोंधळाचं, कारण असे अनेक चल एकमेकांशी घट्ट बांधलेले असू शकतात. 'आधार-चल' मला बरं वाटतं.

अहवालात वाक्य असं लिहावं: 'दुसऱ्या चाचणीच्या गुणांचं पहिल्या चाचणीच्या गुणांवर समाश्रयण केलं, उतार ०.५.' रांगा उलटसुलट करून दोन्ही उतार काढा आणि त्यांचा गुणाकार करा. तो सहसंबंधाच्या वर्गाइतका, इथे ०.२५, यायला हवा. १ आला तर एक रेषा काढून तीच उलटी फिरवली आहे, असं बहुतेक वेळा निघतं.