वाचकांचे प्रश्न : भिंतीतून जाणाऱ्या पाइपाभोवतीचा पाझर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. एअरेशन टाकीच्या (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) काँक्रीट भिंतीतून पंपाच्या खोलीत येणाऱ्या १६० मिलिमीटर व्यासाच्या एचडीपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइपाभोवती सतत पाणी झिरपते. ठेकेदाराने बाहेरून तीनदा सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचे केमिकल भरले, तरी काही महिन्यांत, विशेषतः थंडीत, पुन्हा ओल येते. कायमचा उपाय कोणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ठेकेदाराने माल हलका वापरला असेलच असे नाही, त्याने चुकीच्या जागी चुकीची वस्तू भरली आहे. एचडीपीईच्या गुळगुळीत पृष्ठभागाला सिमेंट चिकटत नाही. त्यातच तापमान १० अंशांनी बदलले, की एक मीटर पाइपाची लांबी दीड ते दोन मिलिमीटरने बदलते, काँक्रीटची मात्र जेमतेम ०.१ मिलिमीटरने. थंडीत पाइप आकसतो, पंपाच्या हादऱ्याने तो हलतो, आणि कडक सिमेंट त्याच्यापासून सुटते. शिवाय टाकीत चार मीटर पाणी असेल, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.४ किलो दाब असतो आणि बाहेरून लावलेल्या लेपाला तो दाब आतून ढकलत राहतो.

म्हणून पाइपाभोवतीची वस्तू लवचीक आणि दाबून बसवलेली हवी. अशा ठिकाणी रबराच्या कड्यांची बोल्टने जोडलेली साखळी वापरतात. ती पाइपाभोवती गुंडाळून भोकात सरकवायची आणि सगळे बोल्ट क्रमाने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, म्हणजे रबर फुगून पाइपाला आणि भिंतीला घट्ट बसते. एकच बोल्ट एकदम आवळला, तर रबर एकीकडे चेपते आणि गळती जागा बदलते. त्यासाठी जुने सिमेंट पूर्ण काढून डायमंड कोअर कटिंगने (हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या नळीसारख्या कटरने) गोल, गुळगुळीत भोक करून घ्यावे लागेल; व्यास साखळीच्या उत्पादकाच्या तक्त्यावरूनच ठरवावा. साध्या घरगुती सांडपाण्याला ईपीडीएम रबर चालते, तेल किंवा ग्रीस येत असल्यास नायट्राइल घ्यावे. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. पाइपाचे वजन साखळीवर टाकू नये, त्याला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र आधार द्यावा.

टाकी रिकामी करणे तूर्त शक्य नसेल, तर पॉलियुरेथेन ग्राउटचे (फटीत दाबाने भरायच्या रसायनाचे) इंजेक्शन देता येते. पाण्याशी संपर्क आल्यावर ते फुगते आणि पाझर थांबतो. मात्र पाइप हलत राहिला, तर ते किती टिकेल याची खात्री देता येणार नाही. नव्या बांधकामात हा प्रश्न स्लॅब किंवा भिंत ओततानाच सुटतो : पाइपावर पडल फ्लँज (पाइपाभोवतीची रुंद चकती) बसवून तो काँक्रीटमध्येच ओतून घेतात. तुमच्या बांधकामाच्या वेळी तेवढेच राहून गेलेले दिसते.

टाकीत उतरण्याचे काम मात्र सोसायटीच्या प्लंबरवर सोपवू नका. तिथे साठणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो. त्यामुळे गॅस मोजण्याचे यंत्र, पंख्याने खेळती हवा, पूर्ण अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा (हार्नेस) आणि बाहेर उभा राहणारा माणूस एवढी व्यवस्था असलेल्या ठेकेदारालाच हे काम द्यावे. काम झाल्यावर टाकी नेहमीच्या पातळीपर्यंत भरून काही दिवस भिंत तपासावी. तोवर बाहेरून प्लास्टर करू नये.