"नाही" टाइप केलं तरी इफची अट खरी का ठरते?

तुमचा पायथनचा प्रोग्राम विचारतो, "पुढे जायचं का?" आणि खाली तुम्ही लिहिलंय (इफ, ऑर असे पायथनचे सगळे शब्द मी इथे देवनागरीत देतोय, कोडमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच हवेत):

इफ उत्तर == "हो" ऑर "होय":

"नाही" टाकलं तरी आतली ओळ चालते, एररही येत नाही. शिकत असताना याच चुकीने माझीही एक अख्खी संध्याकाळ खाल्ली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"शनिवारी किंवा रविवारी आलात तर भेटू" असं आपण म्हणतो. "आलात" एकदाच येतं, पण ऐकणारा ते दोन्ही वारांना लावून घेतो. पायथन असं काही लावून घेत नाही. तो == आधी सोडवतो आणि ऑर नंतर, त्यामुळे त्याच्या लेखी तुमची ओळ अशी आहे:

(उत्तर == "हो") ऑर ("होय")

डावीकडे तुलना आहे. उजवीकडे नुसता शब्द. अट तपासताना पायथन रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अवतरण चिन्हांतला मजकूर), 0, नन (म्हणजे "काहीच नाही"), रिकामी लिस्ट (यादी) असल्या गोष्टी खोट्या धरतो. अक्षरं असलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. तिथे "होय"च्या जागी "नाही" लिहिलंत तरी ती खरीच ठरेल, कारण शब्दाचा अर्थ तो पाहतच नाही.

म्हणून तुलना दोन्हीकडे पूर्ण लिहा:

इफ उत्तर == "हो" ऑर उत्तर == "होय":

किंवा

इफ उत्तर इन ("हो", "होय"):

मी दुसरी पद्धत वापरतो. उद्या "हां" चालवायचं ठरलं तर कंसात एक शब्द वाढवला की झालं.

हीच अट उलटी करताना मात्र सांभाळा (!= म्हणजे "बरोबर नाही"). उत्तर != "हो" ऑर उत्तर != "होय" ही अट कायम खरी असते, कारण एकच उत्तर एकाच वेळी दोन्ही शब्दांशी जुळूच शकत नाही. तिथे अँड लागतो. नकार आत नेला की ऑरचा अँड होतो, हा नियम गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म 1806 साली आपल्याच मदुराईत झाला.

पुढे कधी एखादी अट अशीच अडली, तर तिचा प्रत्येक तुकडा वेगळा प्रिंट करून बघा. आत्ताच प्रिंट(बूल("नाही")) चालवा (बूल एखादी गोष्ट खरी धरली जाते की खोटी ते सांगतं), ट्रू म्हणजे "खरं" दिसेल.