रिमॅपला २८ हजार घालू का? चिंचवडच्या वाचकाला उत्तर

चिंचवडहून एका वाचकाचा मेल आलाय, लांबलचक आहे, मी आधी थोडक्यात सांगतो. वय ३४, प्रायव्हेट नोकरी, हातात महिन्याला ६२ हजार येतात, त्यातले २४,५०० होम लोनच्या हप्त्याला जातात. गाडी डिझायर डिझेल, २०१६ ची, सेकंड हँड घेतलेली, १ लाख ५ हजार किलोमीटर झालेली. गाव चिपळूणजवळ, वर्षातून सात-आठ फेऱ्या होतात, आणि कुंभार्ली घाट चढताना गाडी भरलेली असली की दम टाकते ही मुख्य तक्रार. एका ट्युनरने सांगितलंय की ईसीयू रिमॅप करा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदला, २८ हजार, ताकद ७५ पीएसची ९५ होईल, टॉर्क म्हणजे ओढ १९० न्यूटन मीटरवरून २३५, शिवाय मायलेज लिटरला तीनने वाढेल, म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल. बोनसचे ४० हजार आलेत. प्रश्न असा की सर, बोनसमधून करू का कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करून बोनस एफडीत टाकू?

आणि मेलच्या अगदी शेवटी एक ओळ, ‘बाबांना यंदा शुगर निघालीय, वय ६३, त्यांचं मेडिक्लेम नाहीये, तेही बघायचंय पुढे कधीतरी.’

दादा, त्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे. पण आधी गाडी.

तुम्ही ‘वसूल’ हा शब्द वापरलात म्हणून हिशोब करतो, नाहीतर केला नसता. तुम्हीच लिहिलंय वर्षाला ११ हजार किलोमीटर होतात आणि टाकी ते टाकी १७ चं मायलेज मिळतं. म्हणजे वर्षाला साधारण ६४७ लिटर डिझेल, ९० रुपयांनी धरा, ५८ हजार रुपये. ट्युनर म्हणतो तसं खरंच २० झालं तर ५५० लिटर लागेल, ९७ लिटर वाचतील, पावणेनऊ हजार रुपये. २८ हजार भागिले पावणेनऊ हजार, सव्वातीन वर्षं. मग त्याचं दीड वर्ष आलं कुठून? मी उलटं करून बघितलं, वर्षाला २५ हजार किलोमीटर धरले की बरोबर दीड वर्षाच्या आसपास येतं. म्हणजे हिशोब चुकीचा नाहीये, फक्त तो तुमचा नाहीये, रोज पुणे-मुंबई करणाऱ्या कोणाचा तरी आहे.

आता तीनच्या जागी एक धरा. माझ्या मते तेही उदार आहे, कारण रिमॅपनंतर मायलेज वाढतं ते पाय हलका ठेवला तर, आणि २८ हजार देऊन पाय हलका ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. १७ चे १८ झाले तर वर्षाला ३६ लिटर, सव्वातीन हजार रुपये वाचले. वसुलीला साडेआठ वर्षांच्या वर. गाडी २०१६ ची, आरसीची १५ वर्षं २०३१ ला संपतात, पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवून घेता येते आणि ग्रीन टॅक्सही भरावा लागतो, तोपर्यंत ही गाडी तुमच्याकडे असेल का हेच मला माहीत नाही. विकताना रिमॅपचे पैसे कोणी देत नाही, उलट ट्युन केलेली म्हटल्यावर घेणारा दोन पावलं मागे जातो की ह्याने पिदडवली असणार.

मायलेजबद्दल अजून एक. ट्युनरने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा डिस्प्ले २४ दाखवतोय असा फोटो पाठवलाय म्हणालात. मीटरवरचं मायलेज हे मोजलेलं नसतं, ईसीयूने आपण किती डिझेल सोडलं त्याचा अंदाज केलेला असतो. वायरिंगच्या मध्ये बसवायचे जे ट्युनिंग बॉक्स मिळतात, त्यातले बरेचसे रेल प्रेशरच्या, म्हणजे डिझेल ज्या दाबाने इंजिनात जातं त्या दाबाच्या, सेन्सरला फसवून काम करतात, ईसीयूला प्रेशर कमी असल्याचं सांगतात म्हणून ते वाढवतं. प्रत्यक्षात जास्त डिझेल जातं आणि ईसीयू आपल्या हिशोबाने कमी मोजत बसतं, मग डिस्प्लेवर मायलेज सुंदर दिसणारच की. रिमॅपमध्येही फाइल कोणी कशी लिहिलीय त्यावर आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो. खरं मायलेज एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी फुल करून, दोन-तीन टाक्या मोजूनच कळतं.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे, घाट. ह्या १.३ मल्टीजेट इंजिनाबद्दल मला प्रेम आहे हे आधीच सांगतो, मूळ फियाटचं, मग स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटाची व्हिस्टा, सगळ्यांत हेच, लोक ह्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस सिक्स आलं तसं मारुतीने डिझेलच बंद केलं. त्याचा एक जुना दोष सगळ्यांना माहीत आहे, २ हजार आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो. आंब्याच्या चार पेट्या, तांदळाचं पोतं, मागे आई-बाबा, एसी चालू, पुढे एसटी, वळणावर वेग कमी झाला, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्येच आहात, आरपीएम १४०० वर आला, आणि आता पाय कितीही दाबा, गाडी नुसती ऐकून घेते. हीच तक्रार ना?

रिमॅपचा फायदा सगळ्यात कमी नेमका इथेच होतो. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर, आणि १४०० ला तेवढा वायूच नसतो. हवा नसताना सॉफ्टवेअरने डिझेल जास्त सोडलं तर काळा धूर निघतो, ताकद फारशी येत नाही. मजा येते ती २ हजारांच्या पुढे, म्हणजे एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना, घाटात एसटीच्या मागे अडकल्यावर नव्हे. तुम्ही पैसे देणार एका दुखण्यासाठी आणि औषध मिळणार दुसऱ्याचं.

आणि ७५ चे ९५ करताना एक गोष्ट बघा. ह्याच इंजिनाचं ९० पीएसचं रूप मारुतीने अर्टिगा, सियाझ, एसएक्स फोरला दिलं होतं, त्यासाठी कंपनीने टर्बोच वेगळा बसवला, व्हेरिएबल जॉमेट्रीवाला, म्हणजे वेगानुसार पात्यांचा कोन बदलणारा, आणि तरीही टॉर्क किती ठेवला, तर २०० न्यूटन मीटर. तुमचा १९०. कंपनी टर्बो बदलून दहाने वाढवते आणि हा तुमच्या आहे त्या टर्बोवर, लाखाच्या वर पळालेल्या क्लचवर, लॅपटॉपवरून ४५ ने वाढवणार. होत नाही असं नाही, होतं. पण ते ४५ न्यूटन मीटर रस्त्यापर्यंत पोचायला क्लच प्लेटमधूनच जाणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी डिझेल हॅचबॅक होती, तिला मी १८ हजारांचा बॉक्स लावला होता, हो, मीच, तेव्हाही मी लोकांना एसआयपीचे सल्ले देतच होतो. पहिले काही महिने स्वर्ग. चौदाव्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीत चौथ्या गिअरला पाय दाबला तर आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर पळाला आणि गाडी होती त्याच वेगात, मग हळूहळू कमीच, आणि आत तो वास. क्लच जळल्याचा वास एकदा आला की सीटला आठवडाभर राहतो. कडेला थांबवून अर्धा तास थंड केली, पुढे तिसऱ्यात रांगत साताऱ्यापर्यंत गेलो. क्लच सेट, मजुरी, सगळं धरून ११,४०० झाले, आणि घरी मी सांगितलं की मोठी सर्व्हिसिंग होती. बॉक्स नसता तरी तो क्लच कधीतरी गेलाच असता, पण तेव्हा गेला नसता. तेव्हा तुमच्या कोटेशनमध्ये २८ हजारांच्या खाली पेन्सिलने अजून एक ओळ लिहा, ‘क्लच, लवकरच’.

इन्शुरन्सचं तुम्ही विचारलंच नाही. गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्सने धरलेली किंमत, २ लाख ७० हजार लिहिलीय. गाडीत काही बदल केला तर कंपनीला कळवायचं असतं, प्रपोजलमध्ये ते विचारलेलंही असतं. न कळवता रिमॅप केला आणि मोठा अपघात झाला, सर्व्हेअरला बदल सापडला, तर ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. थर्ड पार्टीत समोरच्याला कोर्ट पैसे मिळवून देतं, पण अटींचा भंग झाला असेल तर ते तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते, आणि तो आकडा गाडीच्या किमतीशी संबंधित नसतो, समोरच्याच्या पगाराशी आणि वयाशी असतो. कायदा म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नाकाबंदीला कोणी हवालदार लॅपटॉप जोडून ईसीयू वाचत नाही हे मलाही माहितीय. ट्युनर हेच सांगतो, ‘काही कळत नाही हो, परत स्टॉक, म्हणजे मूळ, फाइल टाकून देतो’. अपघात झाल्यावर रात्री अकरा वाजता पाटणच्या रस्त्यावर कोण येणार आहे फाइल टाकायला?

मग करायचं काय? १ लाख ५ हजार झालेल्या गाडीची ताकद मुळात ७५ तरी उरलीय का ते बघा. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा होज चिरलेला असतो, ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरलेला असतो, इन्टेकमध्ये डांबरासारखा थर असतो, डिझेल फिल्टर वेळेवर बदललेला नसतो, इंजेक्टर थकलेले असतात. ह्यातलं एक जरी असेल तर गाडी घाटात दम टाकणारच, आणि त्यावर रिमॅप म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणं. माझ्या ओळखीत एकाची गाडी अशीच मेली होती, शेवटी निघाला एक सैल क्लॅम्प. चांगल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या, चढावर गाडी चालवून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, किती येतोय ते बघायला सांगा, क्लच किती उरलाय तेही विचारा. ह्या कामाला मी तुम्हाला ६ हजारांचं बजेट देतो, बोनसमधून, बिनधास्त. इंजेक्टरच गेले असतील तर खर्च वाढेल, तेव्हा परत लिहा.

हे सगळं करूनही खाज उरली, आणि उरू शकते, मी नावं ठेवत नाहीये, तर ती हौस म्हणून करा. मायलेजचं कारण देऊ नका, स्वतःला आणि वहिनींनाही. महिन्याला दोन हजार हौसेच्या नावाने वेगळे टाका, सव्वा वर्षात रक्कम जमेल, तेव्हाही वाटलं तर आधी क्लच नवा, मग इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर घ्या, आणि ट्युनरकडून मूळ फाइलची कॉपी आपल्याकडे घ्या. ईजीआर बंद करून देतो, धुराची काळजी करू नका असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. कार्डावर मात्र नाही. नो कॉस्टमध्येही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो, पण मुद्दा तो नाहीच, एखादा हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढतं, आणि ६२ हजारांत २४,५०० हप्ता असलेल्या घरात चुकायला एक खराब महिना पुरतो.

आता बाबा. तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बायको आणि मुलगी आहे, आई-बाबा नाहीत, तुम्हीच लिहिलंय. केंद्राच्या आयुष्मान योजनेचं ५ लाखांचं कव्हर उत्पन्न न बघता मिळतं ते ७० वर्षांपासून, म्हणजे अजून सात वर्षं. मधल्या काळात एक ॲडमिशन झालं तर तुमचा हा ४० हजारांचा बोनस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपेल. शुगर निघाली म्हणून पॉलिसी मिळतच नाही असं नाही, प्रीमियम चढा येईल, काही कंपन्या नाही म्हणतील, काही देतील, कदाचित को-पेमेंट टाकतील, म्हणजे बिलाचा काही भाग तुम्हीच भरायचा. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो आणि ती तीन वर्षं मोजायला सुरुवात होते पॉलिसी घेतल्या दिवसापासून. तुम्ही ‘पुढे कधीतरी’ म्हणताय तेवढा वेळ ते घड्याळ बंद आहे, आणि शुगर काही थांबून राहत नाही. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा तरी फायदा घ्या. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ६० वर्षांवरच्या आई-वडिलांच्या प्रीमियमवर आयकरात ५० हजारांपर्यंत वजावटही आहे, नव्यात नाही. आणि फॉर्मवर शुगर लिहायचीच, एजंट नको म्हणाला तरी.

म्हणजे ४० पैकी ६ हजार गाडीला, बाकी ३४ हजार आई-बाबा दोघांच्या प्रीमियमला, कमी पडले तर मला सांगा, कव्हर थोडं लहान घेऊन सुरुवात करू. बाबांचे शुगरचे रिपोर्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) असेल तर तो, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी मेलवर पाठवा, आईचं वयही कळवा, ते लिहायचं राहिलंय.

आणि पुढच्या वेळी कुंभार्लीत वळण दिसलं की वळायच्या आधीच पहिला टाका, एसी दोन मिनिटं बंद करा, काटा २२०० च्या खाली येऊ देऊ नका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या.