गाडी लागते म्हणून शिक्षण सोडावं का?

"ताई, पोरीले गाडी लागते. घाट सुरू झाला का उलट्याच उलट्या. महिना-दीड महिन्यानं घरी येते, तं दोन दिवस पडूनच रायते. आता म्हनते, शिक्षणच सोडतो. सोडू द्याव काय?"

आई मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका गावची. मुलगी १९ वर्षांची, अमरावतीत नर्सिंग शिकणारी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तोच ठेवला आहे, कारण विदर्भाच्या खेड्यांतून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलींच्या घरी तो नेहमी निघतो. कधी नोकरीच्या निमित्तानं, कधी "लांबचं स्थळ नको" या वाक्यामागे लपून.

आधी तपासणी. बसमध्ये नसतानाही गरगरतं का, ऐकू कमी येतं का, कान वाहतो का, एका कानात सतत आवाज येतो का, अर्धं डोकं ठणकतं का, हे विचारून घेतलं. यातलं एक जरी 'हो' असेल, किंवा चाळिशीपर्यंत कधी न झालेला त्रास अचानक सुरू झाला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी आणि व्यायाम नंतर. अर्धशिशी असलेल्यांना गाडी जास्त लागते आणि पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो. या मुलीला अर्धशिशी नव्हती. पाळीच्या आदल्या दिवशीचा प्रवास मात्र सगळ्यात वाईट, असं तिनंच सांगितलं.

हा आजार नाही, हे तिला पटवणं हे पहिलं काम. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारी दोन पिशव्या असतात, त्यांत चुनखडी ज्या पदार्थाची त्याचेच बारीक स्फटिक. वेग वाढला, ब्रेक लागला, गाडी खड्ड्यात आपटली, की ते सरकतात. वाटेतल्या घाटात, सेमाडोहच्या वळणांवर कान ओरडून सांगतो, 'आपण वळतोय'. डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ, ती म्हणते, 'काहीच हललं नाही'. या भांडणाचा निकाल मेंदू पोटावर काढतो. ड्रायव्हरला बस का लागत नाही? स्टिअरिंग त्याच्या हातात असतं, पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. आणि ज्यांची कानातली ही यंत्रणा पूर्ण निकामी असते, त्यांना गाडी लागतच नाही. म्हणजे तुझा कान चांगला चालतो, एवढंच यातून सिद्ध होतं, हे ऐकून मुलगी पहिल्यांदा हसली.

"मग सवय का होत नाही? दोन वर्षं झाली जाऊन-येऊन," हा तिचा प्रश्न रास्त होता. सवय होते, पण मात्रेत. घाटासकट चार-साडेचार तासांचा प्रवास एका दमात, तोही सहा आठवड्यांतून एकदा: मात्रा फार मोठी आणि अंतर फार लांब. मेंदू जे थोडंफार शिकतो ते पुढच्या खेपेपर्यंत विसरतो. उलटीपर्यंत रेटलं तर तो 'बस म्हणजे उलटी' एवढंच पक्कं शिकतो. या मुलीला डेपोत डिझेलचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, बस हलायच्या आधीच.

त्यात घरचे उपाय. पोटाला वर्तमानपत्र बांधणं निरुपद्रवी, उपयोग शून्य. लिंबू किंवा संत्र्याची साल हुंगणं चालेल, वासाला वास मारतो. रात्रीपासून उपाशी राहणं मात्र चूक. रिकामं पोट जास्त ढवळतं. तासभर आधी अर्धी भाकर किंवा केळ खावं, तर्री-पोहे आणि आलुपोंगा पोचल्यावर खायला ठेवावा. गोळी ती बसमध्ये चढल्यावर घ्यायची. मळमळ सुरू झाली की जठर मंदावतं, गोळी तिथंच पडून राहते किंवा बाहेर येते. प्रोमेथाझिनसारखी गोळी तास-दोन तास आधी घ्यायची असते, तीही डॉक्टरांना विचारून, कारण झोप जोरदार येते. दुकानातून सर्रास दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर फारसं चालत नाही. आमचा आग्रह असा की सवय लावण्यासाठीच्या सरावाच्या छोट्या फेऱ्या गोळीशिवाय करायच्या आणि गोळी टाळता न येणाऱ्या प्रवासासाठी राखून ठेवायची.

एक वही केली. शून्य ते दहा आकडे. शून्य म्हणजे ठीक, दोन म्हणजे जांभया आणि अंग गरम, चार म्हणजे तोंडाला पाणी, कपाळावर गार घाम, सहा म्हणजे स्पष्ट मळमळ, दहा म्हणजे उलटी. नियम एकच: चारला थांबायचं. सगळा सराव या नियमावर उभा आहे. नेमका हाच पाळायला सगळ्यांना जड जातं, कारण आपल्याकडे सहन करण्याला मान आहे.

पहिले दोन आठवडे बस नाही. होस्टेलच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कागदावर 'क' लिहून चिकटवला, अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं, अंतर हातभर. नजर 'क'वर खिळवून डोकं डावी-उजवीकडे, नाही म्हणताना हलवतो तेवढंच. सुरुवातीला सेकंदाला एक हेलकावा, ३० सेकंद. मग वर-खाली ३० सेकंद. मध्ये आकडा एकवर येईपर्यंत विश्रांती. असं सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. अक्षर धूसर झालं तर वेग जास्त आहे, कमी करायचा. चार दिवस अक्षर स्वच्छ राहिलं तर वाढवायचा, सेकंदाला दोनपर्यंत. आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून, शेवटी चार घड्यांच्या गोधडीवर. गोधडी मऊ असल्यानं तळव्यांकडून येणारी माहिती डळमळते आणि कानाला काम करावंच लागतं. शेजारी भिंत आणि एक माणूस हवा. विहिरीच्या काठाशी किंवा चुलीजवळ हे करू नये. डोकं-डोळ्यांचे असे क्रमवार व्यायाम ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात बसवले. ते चक्करच्या रुग्णांसाठी होते, गाडीसाठी नव्हते. आम्ही ते पाया म्हणून वापरतो. मुख्य औषध म्हणजे प्रवासाचीच छोटी मात्रा.

घरी गेल्यावर कडुलिंबाला बांधलेला झोका. दोर दोन मीटरचा असेल तर एक पूर्ण हेलकावा पावणेतीन सेकंदांत होतो. पोटाला सगळ्यात जास्त त्रास देणारी हालचाल याहून संथ असते, साधारण पाच सेकंदांत एक. म्हणून झोका हा बसपेक्षा सौम्य सराव. पाच मिनिटं लांबच्या झाडाकडे बघत, जमलं की हातातल्या वहीकडे बघत.

याच काळात रोज पंधरा मिनिटं कागदाच्या घड्या आणि आकृत्यांची कोडी: घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील, अशी. वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ दिवस असा सराव करून घेतला, तेव्हा गाडीतला त्रास निम्म्याहून अधिक घटला होता. लोक मोजकेच होते, पण खर्च कागदाचा, म्हणून आम्ही सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात डेपो. उभ्या बसमध्ये नुसतं दहा मिनिटं बसायचं, चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. दोन दिवसांत डिझेलच्या वासाचं पाणी सुटणं कमी झालं. मग धारणीच्याच वाटेवरच्या वलगावपर्यंत, एक दिवसाआड. मग आसेगाव, मग परतवाडा. जागा ठरलेली: दोन चाकांच्या मध्ये, जमेल तितकी पुढे, खिडकीशी, तोंड पुढे. मागच्या चाकामागची सीट सगळ्यात जास्त उसळते आणि झोके खाते. डोकं सीटला टेकलेलं, नजर समोरच्या काचेतून दूर रस्त्यावर. खिडकीतून सरसर मागे जाणारी झाडं बघायची नाहीत.

घोळ झाला तो आसेगावच्या चौथ्या फेरीत. तोवर आकडा दोनच्या वर गेला नव्हता, म्हणून तिनं मोबाईल काढून नोट्स वाचल्या. वलगाव सुटेपर्यंत सात, आसेगावला उलटी. नंतर पाच दिवस ती डेपोकडे फिरकली नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात, सगळं सोडतात किंवा जिद्दीनं दुसऱ्या दिवशी तोच प्रवास पुन्हा करतात. दोन्ही नको. एक पायरी खाली यायचं: पुन्हा वलगाव, दोन फेऱ्या, मग आसेगाव. मोबाईल पिशवीत.

आईलाही एक काम दिलं. सोबत असताना ती दर दहा मिनिटांनी उलटीसाठीची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, पुढे करायची आणि विचारायची, "कसं वाटून रायलं? येऊन रायलं का?" पोटाकडे लक्ष नसलेल्या माणसाचंही लक्ष त्यानं पोटाकडे जातं. पन्नी मुलीच्या खिशात ठेवायची आणि आईनं काही विचारायचं नाही, असं ठरलं. आई म्हणाली, "मंग मी करू काय बसल्या बसल्या?" गोष्टी सांगा, म्हटलं, कपाशीच्या भावाच्या, कोणाच्याही.

परतवाड्याच्या सपाट रस्त्यावर सलग पाच फेऱ्या तीनच्या आत झाल्यावरच घाट. पहिल्यांदा घाटातल्या पहिल्या थांब्यापर्यंत आणि परत. तिथं आकडा पाच झाला, नियम मोडला, पुढच्या खेपेला तेवढंच पुन्हा केलं. चौथ्या महिन्यात धारणीपर्यंतची फेरी. वहीत नोंद अशी: "परतवाडा १. सेमाडोह ४, बस थांबली तेव्हा खाली उभी राहिले, २ झालं. हरिसाल ४. धारणी ३. पन्नी लागली नाही. झोप आली, पण गोळीची नाही."

त्यानंतर परीक्षेमुळे तीन आठवडे प्रवास झाला नाही, तर पुढच्या खेपेला घाटात आकडा पुन्हा पाचवर. कमावलेली सवय वापरली नाही की उतरते. म्हणून आता ती दर पंधरा दिवसांनी निदान परतवाड्यापर्यंत जाऊन येते, आणि लांब सुट्टीनंतर घाटाच्या आधी वलगावच्या दोन फेऱ्या करते. भिंतीवरचा 'क' अजून तिथंच आहे, रूममेटही त्यावर डोकं हलवते.