जनगणनेत सांगितलेली माहिती खरंच गुप्त राहते का? आणि आधार असताना जनगणना हवी कशाला?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात भाड्याच्या खोलीत राहता, दारावर येणाऱ्या प्रगणकाला, म्हणजे माहिती लिहून घेणाऱ्याला, सगळं खरं सांगावं की नाही असा प्रश्न पडलाय, आणि ती माहिती उद्या पोलिसांकडे किंवा घरमालकाकडे गेली तर काय अशी भीती वाटते. मी फोंडा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. २००१ आणि २०११ अशा दोन्ही जनगणनांना वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, पालथे घातले आहेत. माझं उत्तर आहे, सांगा आणि खरं तेच सांगा. तुमची शंका मात्र मला रास्त वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार भरलेली अनुसूची, म्हणजे माहितीचा फॉर्म, पाहायला मागण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्याच कायद्याखालचा खटला सोडला तर ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. प्रगणकाने माहिती फोडली तर शिक्षा प्रगणकाला आहे. उत्तर देणं बंधनकारक आहे खरं, पण त्यातही एक सवलत आहे. रूढीमुळे जिचं नाव घेता येत नाही अशा व्यक्तीचं, म्हणजे नवऱ्याचंही, नाव सांगण्याची सक्ती बाईवर करता येत नाही. २०११ मध्ये एका आजीने मला देवळाकडे बोट दाखवून "तांचें नांव" (म्हणजे तिथल्या देवाचंच नाव) एवढंच सांगितलं होतं. नातीने मग माझ्या कानात पुरं केलं. ते घर कुठलं, हे मी आजही सांगणार नाही.

पण कायदा वाचून दाखवल्याने कुणाची भीती जात नाही, हेही मी पाहिलंय. आमच्याकडे लोकांना दिल्लीतल्या सरकारपेक्षा दारात उभ्या असलेल्या माणसाचाच जास्त संकोच वाटतो. प्रगणक म्हणून येते ती मुलांची बाई, नाहीतर अंगणवाडीची, नाहीतर पंचायतीतला कारकून. मागोमाग शेजारीण येऊन बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसते. अशा वेळी सून नांदते की माहेरी आहे, मुलगा नोकरीला आहे की घरीच, हे मोठ्याने कोण सांगेल? एका ठिकाणी मालक "वयर कोण ना" (वर कुणी नाही) म्हणत होते आणि वरच्या गच्चीवर चार माणसांचे कपडे वाळत होते. भाडेकरूंची कुठे नोंद केलेली नव्हती, म्हणून ते घाबरले होते. संध्याकाळी मी एकटीच परत गेले, हे कागद घरपट्टीला जोडत नाहीत हे समजावलं, तेव्हा ती चार माणसं मोजली गेली. म्हणून सांगते, शेजारी बसले असतील तर प्रगणकाला बेधडक म्हणा, "बाई, नंतर या" किंवा "आत चला". या वेळी, म्हणजे २०२७ च्या जनगणनेत, ऑनलाइन स्वतः भरायचीही सोय आहे. ती वापरलीत तर दारात मोठ्याने बोलावं लागत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. २०१० मध्ये घरयादी करताना आम्ही दोन वेगळे कागद भरत होतो, एक जनगणनेचा आणि दुसरा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा. ही नोंदवही म्हणजे देशात राहणाऱ्यांची नावानिशी यादी, नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांतून आलेली. तिला १५ व्या कलमाचं संरक्षण नाही. दोन्ही कागद एकाच पिशवीत, एकाच बाईच्या हातात, मग लोकांना वेगळेपण कळणार कसं? आम्हालाही ते कुणी नीट समजावलं नव्हतं, याची मला आजही खंत वाटते. तेव्हा येणाऱ्याला विचारा, हा फॉर्म कुठल्या कायद्याखाली आहे. विचारण्यात काहीच गैर नाही.

मला स्वतःला खरी काळजी वाटते ती दुसरीच. या वेळी प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. आमचे वाडे लहान. चाळीस घरांच्या वाड्यात एखाद्या जातीचं एकच घर असतं. नाव वगळून नुसते आकडे छापले तरी त्या घरातलं कोण किती शिकलंय, हे गावाला कळू शकतं. इतक्या बारीक पातळीवरचे तक्ते छापू नयेत, असं मला मनापासून वाटतं आणि ते लोकांनी मागायला हवं.

आता आधारचं. आधार कार्ड तुम्ही कोण ते सांगतं. तुम्ही आज कुठे राहता, घरात नळ आहे का, जन्म कुठला, गाव का सोडलं, हे त्याला ठाऊक नसतं. गोव्यात 'भायले (बाहेरून आलेले) किती झाले' यावरून रोज भांडणं होतात. पण माणसाला जन्मस्थळ आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारणारी, घरोघर जाणारी मोजणी जनगणनेचीच, आणि तिचे शेवटचे आकडे २०११ चे. १९६० साली पोर्तुगीजांनी मोजलं तेव्हा गोव्यात ५,८९,९९७ माणसं होती. २०११ मध्ये १४,५८,५४५. पुढचा आकडा २०२७ च्या मोजणीनंतर येईल, तोवर सगळं अंदाजावर चाललंय.

मोजणीने काय होतं, याचं आमच्या डोळ्यांदेखतचं उदाहरण देते. २००१ च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या निघाली ५६६. गावडा, कुणबी, वेळीप डोंगरात आणि शेतात होतेच, पण त्यांचा यादीत समावेश झाला २००३ मध्ये. त्यामुळे २०११ मध्ये तोच आकडा १,४९,२७५ झाला, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. अनुसूचित जातींची लोकसंख्या तेव्हा साधारण पंचवीस हजार, आणि त्यांच्यासाठी पेडणे मतदारसंघ राखीव. जमातींना विधानसभेच्या चाळीसांत एकही राखीव जागा नव्हती. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यासाठीचं विधेयक मंजूर केलं. तो १,४९,२७५ हा आकडा हातात नसता तर मागणी कशाच्या जोरावर करणार होते?

तुम्ही भाडेकरू आहात, तेव्हा एवढं करा. तुमचं नाव घरमालकाच्या भरवशावर ठेवू नका. तुम्ही जिथे राहता तिथेच मोजले जायला हवं, मूळ गावी नाही. कागदपत्रांचा पुरावा लागत नाही, तुम्ही सांगाल ते लिहून घ्यायचं असतं. बँक खातं, ओटीपी कुणी मागितला तर तो माणूस जनगणनेचा नाही, दार लावून घ्या. ओळखपत्र मागा, आम्ही ते गळ्यातच घालून फिरत होतो.