छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न – लार्चचे पिवळे आठवडे

प्रश्न : मी कॅनडातील कॅलगरीत राहतो. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मोरेन सरोवरापासून चढून लार्च व्हॅलीत गेलो होतो. प्रत्यक्षात झाडे आतून उजळल्यासारखी दिसत होती. छायाचित्रांत मात्र त्यांचे सपाट पिवळे डाग झाले, सुया वेगळ्या दिसेनात आणि आकाश पांढरे पडले. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावूनही फारसा उपयोग झाला नाही. यंदा काय बदलावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘आतून उजळल्यासारखी’ हा शब्दप्रयोग फार नेमका आहे, कारण लार्चच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानझडी वृक्ष आहे. हिवाळ्यापूर्वी तो सुयांमधील नत्रासारखी पोषकद्रव्ये परत खोडाकडे ओढून घेतो, हरितद्रव्य विघटित होते आणि आधीपासूनच असलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात. त्याच्या सुया मऊ आणि बारीक असून आखूड फांद्यांवर झुबक्यांनी येतात. अशा विरळ झुबक्यांतून ऊन आरपार जाते तेव्हाच झाड पेटल्यासारखे दिसते. सूर्य पाठीशी ठेवून समोरून उजळलेले तेच झाड रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखे भासते. म्हणून पहिला बदल उभे राहण्याच्या जागेत करावा : झाड आपल्या आणि सूर्याच्या मध्ये यावे, आणि त्याच्यामागे सावलीतला काळसर भाग असावा.

लार्च व्हॅलीत यासाठी निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. माळरानावरून दक्षिणेकडे पाहिले की ‘टेन पीक्स’ची रांग समोर येते आणि आपल्याला दिसतात ते तिचे उत्तरेकडील कडे, जे या दिवसांत बहुतांश वेळ सावलीत असतात. सप्टेंबरच्या अखेरीस त्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 36 अंशच वर चढतो. त्यामुळे महाराष्ट्रात दुपारचे ऊन जसे डोक्यावरून पडून सारे सपाट करते, तसे तेथे होत नाही आणि तिरपा प्रकाश बराच वेळ मिळतो. 70 ते 200 मिमीची टेलिफोटो लेन्स घेऊन एक-दोन झाडे निवडावीत, त्यांच्यामागे निळसर सावलीतला कडा भरावा आणि आकाश चौकटीबाहेर ठेवावे. सूर्याच्या दिशेचे आकाश पांढरे पडते, आणि तेथे पोलरायझर हतबलच असतो. आकाश गडद करण्याची त्याची ताकद सूर्यापासून 90 अंशांच्या कोनात सर्वाधिक असते. ढगाळ किंवा ओल्या दिवशी मात्र तो जरूर लावावा, कारण सुयांवरची पांढरट चकाकी तो काढून टाकतो आणि खालचा रंग दिसू लागतो.

आता सपाट डागांविषयी. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पिवळा म्हणजे लाल आणि हिरव्याचे मिश्रण, आणि उन्हातल्या लार्चमध्ये लाल वाहिनी (कॅमेऱ्याने नोंदवलेला लाल रंगाचा भाग) सर्वांत आधी भरून जाते. एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाच लाल रंगातला तपशील नष्ट झालेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचे स्वतंत्र हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतला जाणारा उजेड, एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नुकताच हिमवर्षाव झाला असेल, तर हिशेब उलटा होतो : पांढऱ्या हिमामुळे कॅमेरा सारे चित्र काळवंडून टाकतो, तेव्हा साधारण एक स्टॉप वाढवून पुन्हा लाल वाहिनी तपासावी. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची उष्ण-थंड छटा ठरवणारी सोय) ‘डेलाइट’वर स्थिर ठेवावा, ‘ऑटो’ त्या सोनेरी छटेलाच दोष समजून ती थंड करतो. नंतर संगणकावर पिवळ्याची संपृक्तता वाढवण्याचा मोह मी कळकळीने टाळायला सांगेन. रंग जास्त भडक झाला की झुबक्यांमधला हिरवा-सोनेरी फरक जातो, आणि माझ्या मते लार्चचे सारे सौंदर्य त्या फरकात आहे.

वारा असल्यास शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नये. मोरेन सरोवराच्या रस्त्यावर 2023 पासून खासगी वाहनांना बंदी असल्याने बसचे आरक्षण आधी करावे लागते, आणि ग्रिझली अस्वलांमुळे कधीकधी चार जणांच्या गटानेच जाण्याची अट असते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. परदेशी जाणे शक्य नाही. लार्च भारतात पाहायला मिळतो का, आणि तोवर सराव कशावर करावा?

उत्तर : मिळतो. पूर्व हिमालयात लार्चची स्वतःची जात आहे. सिक्कीममध्ये लाचेन आणि लाचुंगच्या खोऱ्यांत ती आढळते. तिच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि तिची शंकूफळे लार्चच्या सर्व जातींत मोठी असतात. हा हंगाम कॅनडापेक्षा उशिराचा, शरद ऋतूच्या उत्तरार्धातला असतो. उत्तर सिक्कीमसाठी परवाना लागतो, आणि दरडींमुळे रस्ते बंद पडत असल्याने हाताशी दोन-तीन दिवस जास्त ठेवावेत. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातही लार्च आहे आणि तेथे पायी भटकंती करता येते.

सरावासाठी बहाव्यासारखा दुसरा गुरू नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत फुललेल्या बहाव्याखाली उभे राहून सूर्याच्या दिशेने पाहावे : पाकळ्यांतून झिरपणारा प्रकाश, लाल वाहिनीचे भरून जाणे, काळसर पार्श्वभूमीची गरज, हे सारे तेथे तंतोतंत भेटते. कास आपल्याला जवळच आहे. तेथे सप्टेंबरमध्ये सोनकी फुलते तेव्हा कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणून, दूरच्या ढगांच्या सावलीसमोर हाच प्रयोग करावा. फोनवर काढत असाल, तर पडद्यावर सर्वांत उजळ फुलाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढावा आणि पाकळीवरच्या रेषा दिसू लागल्या की थांबावे.