ऑटोइम्यून आजार असलेल्यांमध्ये लसीचं संरक्षण किती काळ टिकतं? नॉर्मल लोकांपेक्षा लवकर संपतं का?

तुम्ही लिहिलंय की ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा ऑटोइम्यून आजार) आहे, गोळ्या चालू आहेत आणि घेतलेल्या लसी "अजून अंगात आहेत का" ते कळत नाही. मी डॉक्टर नाही, ऱ्हुमॅटॉईड आर्थरायटिसची (तसाच, पण सांध्यांचा आजार) ११ वर्षांची पेशंट आहे, आणि या एका प्रश्नापायी स्वतःला सुया टोचून घेऊन बरंच शिकलेय, म्हणून लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, लस मुळात लागू झाली का, आणि दोन, लागू झाली असेल तर किती वर्षं पुरेल. आपण सगळे दुसऱ्याच्या मागे लागतो आणि पहिला विचारतच नाही, जिथे बहुतेक घोळ असतो.

माझंच सांगते. रिटक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं, ड्रिपने देतात ते औषध) सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, सगळे खूश, पण लस तेव्हाच टोचून घ्यावी हे ना मला सुचलं ना कोणी सांगितलं. ड्रिपनंतर दोन महिन्यांनी कोर्स चालू केला, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, मध्ये सहाव्या महिन्याला पुन्हा ड्रिप. शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने अँटी-एचबीएस टेस्ट (लसीने हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनल्या का ते बघणारी) केली. निदान १० हवं असतं, माझ्या रिपोर्टवर "२ पेक्षा कमी". तीन डोस, तीन वेळा दुखरा दंड आणि हातात भोपळा.

कारण साधं आहे, रिटक्सिमॅब बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) संपवतं, आणि नवीन लसीवर अँटीबॉडी बनवायचं काम याच पेशींपासून सुरू होतं. त्या परत यायला साधारण ६ ते १२ महिने लागतात. पण (हे मला खूप उशिरा कळलं) हाडांच्या मगजात बसलेल्या जुन्या प्लाझ्मा पेशींना (बी पेशींपासूनच तयार झालेले अँटीबॉडीचे कारखाने) हे औषध फारसा हात लावत नाही, म्हणून लहानपणीच्या गोवर, धनुर्वाताच्या अँटीबॉडी बऱ्यापैकी शाबूत राहतात. रक्तातल्या अँटीबॉडी जेमतेम तीन आठवड्यांत निम्म्या होतात, तरी संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं ते या पेशी रोज नवीन बनवत राहतात म्हणून. २००७ मध्ये एक अभ्यास आला होता, निरोगी लोकांचा, त्यात धनुर्वाताच्या अँटीबॉडी निम्म्यावर यायला सुमारे ११ वर्षं आणि गोवराच्या २०० वर्षांहून जास्त असा हिशोब निघाला होता. म्हणजे "लस किती टिकते" याला सगळ्या लसींचं मिळून एक उत्तर निरोगी माणसातही नाही. फ्लूची तर काही महिन्यांतच उतरायला लागते, ती दरवर्षी घ्यायचीच.

आता औषधांचं, कारण आजारापेक्षा फरक जास्त त्यांनी पडतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिनने लसीवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तुमचं फक्त हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर निम्मी काळजी सोडा. मायकोफेनोलेट, अबाटासेप्ट आणि जास्त डोसचं स्टिरॉइड प्रतिसाद चांगलाच कमी करतात. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबच्या (टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांच्या) गटात वेगळीच गंमत, सुरुवातीला अँटीबॉडी बऱ्यापैकी तयार होतात पण कोविड लसीच्या वेळी दिसलं की त्या उतरतात लवकर. तुमचा "लवकर संपतं का" हा प्रश्न खऱ्या अर्थाने लागू होतो तो इथे.

मेथोट्रेक्सेटबद्दल (आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी) ब्रिटनमधला एक अभ्यास २०२२ ला आला, कोविड बूस्टरनंतर दोन आठवडे गोळी बंद ठेवली त्यांच्यात अँटीबॉडी गोळी चालू ठेवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त झाल्या, पण सांधे थोडे जास्त कुरकुरले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या गाईडलाइनमध्ये मात्र हा दोन आठवड्यांचा खाडा फक्त फ्लूच्या लसीसाठी सुचवलाय, तोही आजार शांत असेल तर, बाकीच्या लसींना गोळी चालूच ठेवा असं. मी फ्लूच्या वेळी दोन रविवार गोळी चुकवते, डॉक्टरांना विचारून, आणि डब्यातले ते दोन कप्पे रिकामे दिसले की उगाच बोटं दुखायला लागल्यासारखं वाटतं, अर्धं मनाचंच असतं ते. स्वतःच्या मनाने मात्र करू नका, ल्युपस उसळला तर दोन आठवड्यांवर निभावत नाही.

रिटक्सिमॅबवाल्यांसाठी त्याच गाईडलाइनमध्ये आहे की फ्लू सोडून बाकी लसी पुढचा डोस ड्यू होईल तेव्हा घ्या आणि मग ड्रिप किमान दोन आठवडे पुढे ढकला. दुसऱ्यांदा मी तसंच केलं, आधी रक्तात बी पेशी परत आल्यात का ते बघितलं, मग डॉक्टरांनी ठरवून ड्रिप लांबवली आणि कोर्स पुन्हा पहिल्यापासून. आकडा आला ६४. निरोगी माणसाने एकदा १० ओलांडलं की पुढे आकडा घसरला तरी शरीराची आठवण दशकानुदशकं काम करते असं धरतात, आपल्या बाबतीत तेवढा भरवसा ठेवत नाहीत, म्हणून मी ती टेस्ट अधूनमधून करते.

अँटीबॉडी कमी म्हणजे संरक्षण शून्य असंही नाही हां, टी पेशींचं (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी, अँटीबॉडी न बनवता लढणाऱ्या) काम वेगळं चालतं, रिटक्सिमॅबवरच्या लोकांतही ते बऱ्याचदा दिसलंय, फक्त साध्या लॅबमध्ये ते मोजून मिळत नाही. आणि गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या या जिवंत (कमजोर केलेला जिवंत विषाणू असलेल्या) लसी तुमच्या औषधांवर चालतील का ते विचारल्याशिवाय घेऊच नका. नागिणीची नवी लस जिवंत नाही, ती चालते, पुढेमागे टोफासिटिनिब (सांध्यांच्या आजारावरची एक गोळी) सुरू होणार असेल तर आधीच उरकून घ्या कारण त्यावर नागीण जास्त होते.

तुमच्या गोळ्यांची नावं आणि प्रत्येक लस कुठल्या तारखेला घेतली, त्या वेळी काय चालू होतं, एवढं एका कागदावर लिहून पुढच्या व्हिजिटला न्या. मायकोफेनोलेट आहे का तेवढं इथे कमेंटमध्ये सांगा.